जुन्या धक्क्याखालील सागरी जीवन आणि स्कूबा डायव्हिंग : बसलटन जेटीच्या संदर्भात

प्रस्तावना

बंदर, जहाज आणि धक्का यांचा विचार आपल्याकडे प्रामुख्याने व्यापार, वाहतूक आणि इतिहास या अंगांनी केला जातो. एखाद्या बंदरातील जहाजांची ये-जा थांबली की तेथील धक्का निरुपयोगी झाला असे समजले जाते. त्याच्या दुरुस्तीवर खर्च करावा की तो पाडून टाकावा, एवढाच प्रश्न मग शिल्लक राहतो. परंतु समुद्रात शंभर वर्षे उभ्या असलेल्या धक्क्याचा मोठा भाग पाण्याखाली असतो आणि त्या भागाचा उपयोग जहाजे थांबल्यावरही थांबत नाही. खांबांवर, खांबांच्या सावलीत आणि तळाशी पडलेल्या लाकडांच्या आधाराने सागरी जीवांची एक संपूर्ण वसाहत नांदत असते. ही वसाहत प्रत्यक्ष पाहण्याचे साधन म्हणजे स्कूबा डायव्हिंग, म्हणजेच पाठीवर दाबाखालील हवेची टाकी घेऊन केलेला पाणबुडीचा प्रवास होय.

प्रस्तुत लेखात पश्चिम ऑस्ट्रेलियातील बसलटन येथील जुन्या लाकडी जेटीच्या आधारे या विषयाची मांडणी केली आहे. जेटीची जडणघडण, तिच्याखालील जीवसृष्टीमागील कारणे, पाणबुडीचे शास्त्र आणि जुन्या धक्क्यांच्या जतनाचा प्रश्न असे चार मुद्दे येथे क्रमाने विचारात घेतले आहेत. शेवटी महाराष्ट्राच्या किनाऱ्याच्या दृष्टीने त्यातून काय घेता येईल, याचा थोडक्यात विचार केला आहे.

बसलटन जेटीची पार्श्वभूमी

बसलटन हे गाव पर्थ शहराच्या दक्षिणेस सुमारे २२० किलोमीटर अंतरावर, जिओग्राफ उपसागराच्या काठी वसलेले आहे. निकोला बोदँ या फ्रेंच दर्यावर्दीच्या मोहिमेतील 'जिओग्राफ' या जहाजावरून १८०१ मध्ये या उपसागराला हे नाव मिळाले. हा किनारा हिंदी महासागराचाच आहे. कोकणची किनारपट्टी ज्या महासागराच्या उत्तरेकडील बाजूस आहे, त्याच महासागराच्या आग्नेय टोकाजवळ बसलटन आहे.

या भागातील जॅरा आणि कॅरी या कठीण जातीच्या वृक्षांचे लाकूड एकोणिसाव्या शतकात परदेशी जात असे. जॅराचे लाकूड टिकाऊ असल्याने पश्चिम ऑस्ट्रेलियातून ते भारतातील रेल्वेमार्गांच्या स्लीपरसाठीही आणले गेले होते. या व्यापारासाठी बसलटन येथे १८६५ मध्ये जेटी वापरात आली. त्या वेळी तिची लांबी अवघी १६० मीटरच्या आसपास होती. मात्र उपसागराचा तळ अत्यंत उथळ आणि वाळूचा आहे. जेटीभोवती वाळू साचत गेली, पाणी उथळ होत गेले आणि जहाजांपर्यंत पोहोचण्यासाठी जेटी पुन्हा पुन्हा वाढवावी लागली. सुमारे ९५ वर्षांच्या वाढीनंतर, १९६० पर्यंत तिची लांबी १,८४१ मीटर झाली. दक्षिण गोलार्धातील लाकडी खांबांवरील सर्वांत लांब जेटी अशी तिची ख्याती आहे. एवढी लांबी असूनही टोकाशी पाण्याची खोली साधारण ८ ते ९ मीटर एवढीच आहे. पुढे पाणबुड्यांच्या दृष्टीने हीच गोष्ट सोयीची ठरली.

१९७२ मध्ये हे बंदर व्यापारासाठी बंद झाले. देखभाल थांबल्याने लाकूड कुजू लागले. एप्रिल १९७८ मध्ये 'आल्बी' या चक्रीवादळाने किनाऱ्याकडील मोठा भाग वाहून नेला. उरलेली जेटी पाडण्याऐवजी तिचे जतन करावे अशी भूमिका स्थानिक नागरिकांनी घेतली आणि त्यासाठी निधी उभारला. डिसेंबर १९९९ मध्ये लागलेल्या आगीत जेटीचा सुमारे ६५ मीटर भाग जळाला, तरीही हे काम थांबले नाही. डिसेंबर २००३ मध्ये जेटीच्या टोकाशी पाण्याखालील वेधशाळा खुली झाली. या वेधशाळेत जिन्याने सुमारे ८ मीटर खाली उतरून ११ खिडक्यांमधून खांबांवरील जीवसृष्टी कोरड्या पायांनी पाहता येते. त्यानंतर सुमारे २ कोटी ७० लाख ऑस्ट्रेलियन डॉलर खर्चून जेटीची व्यापक दुरुस्ती करण्यात आली आणि फेब्रुवारी २०११ मध्ये ती पुन्हा खुली झाली. लाकूड वाहून नेण्यासाठी बांधलेल्या या रचनेचे आजचे वैभव तिच्या पाण्याखालील भागात आहे.

खांबांवरील जीवसृष्टीची कारणमीमांसा

कोणत्याही सागरी जीवसृष्टीचा विचार करताना आधाराचा प्रश्न प्रथम येतो. स्पंज, प्रवाळ, शिंपले, बार्नॅकल इत्यादी प्राणी प्रौढावस्थेत एका जागी चिकटून राहतात. त्यांच्या अळ्या मात्र पाण्यात तरंगत असतात आणि ठरावीक काळात त्यांना कठीण पृष्ठभाग न मिळाल्यास त्या नष्ट होतात. जिओग्राफ उपसागराचा तळ बहुतांश वाळूचा असून त्यावर पोसिडोनिया या सागरी गवताची विस्तीर्ण कुरणे आहेत. अशा ठिकाणी जेटीचा प्रत्येक खांब हा वाळवंटातील खडकासारखा असतो.

नवा खांब पाण्यात रोवला गेला की काही तासांतच त्यावर जीवाणूंचा पातळ थर तयार होतो. त्यामागोमाग सूक्ष्म डायॅटम येतात. पुढील काही दिवसांत व आठवड्यांत बार्नॅकल आणि नळीत राहणारे कृमी स्थिरावतात, आणि त्यांच्या खडबडीत कवचांवर स्पंज, मृदू प्रवाळ व असिडियन वाढतात. असिडियन हे पाणी आत ओढून गाळणारे पिशवीसारखे प्राणी असतात. या क्रमाला शास्त्रात अनुक्रमण असे म्हणतात. एका थरावर दुसरा थर चढत गेल्याने कालांतराने मूळ लाकूड दिसेनासे होते. म्हणूनच शंभर वर्षांच्या खांबावरील जीवसृष्टी आणि वर्षभरापूर्वीच्या खांबावरील जीवसृष्टी यांत मोठा फरक असतो.

दुसरे कारण सावलीचे आहे. उघड्या खडकावर भरपूर सूर्यप्रकाश मिळत असल्याने तेथे समुद्रशैवाल वेगाने वाढते आणि जागा व्यापते. धक्क्याच्या फळ्यांखाली प्रकाश कमी असतो, त्यामुळे शैवालाची वाढ मंदावते. ज्या प्राण्यांना प्रकाशाची गरज नसते, त्यांना ही मोकळी जागा मिळते. बसलटन येथील खांबांवर 'टेलेस्टो' हे मृदू प्रवाळ मोठ्या प्रमाणावर आढळते. प्रवाळ म्हटले की उष्ण, उथळ आणि प्रकाशमान समुद्र डोळ्यांपुढे येतो, कारण बहुतेक प्रवाळभित्ती बांधणारे प्राणी आपल्या शरीरात सूक्ष्म शैवाल बाळगतात व त्यांच्या प्रकाशसंश्लेषणावर जगतात. टेलेस्टोमध्ये असे शैवाल नसते. आठ शुंडके असलेले त्याचे पांढरे पॉलिप वाहत्या पाण्यातील प्लवक पकडून जगतात. जेटीखाली सावली आहे आणि प्रवाहही आहे, म्हणून तेथे टेलेस्टो फुलते.

तिसरे कारण सागरी प्रवाहाचे आहे. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्याने 'लूविन' हा उबदार प्रवाह उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहतो. इतर खंडांच्या पश्चिम किनाऱ्यांवर, उदाहरणार्थ दक्षिण अमेरिका किंवा दक्षिण आफ्रिका येथे, थंड पाणी विषुववृत्ताकडे वाहत असते. त्या तुलनेत लूविन हा अपवाद आहे. तेथील शरद आणि हिवाळा या ऋतूंत तो अधिक जोरदार असतो आणि उष्ण कटिबंधातील जीवांच्या अळ्या दूर दक्षिणेपर्यंत आणतो. बसलटन हे सुमारे ३३ अंश दक्षिण अक्षांशावर आहे. तरीही समशीतोष्ण कटिबंधातील जीवांसोबत उष्ण कटिबंधातील काही जीव तेथे दिसतात, त्याचे कारण हेच होय.

या आधारावर माशांचे जीवन उभे राहते. खांबांच्या आडोशाला यलोटेल स्कॅडचे मोठे थवे घुटमळतात. त्यांच्या मागावर मोठे शिकारी मासे येतात. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा 'ओल्ड वाइफ' मासा, अंग फुगवणारा काटेरी ग्लोबफिश, खांबावरील प्राणी टोकरणारे लेदरजॅकेट हे येथील नेहमीचे रहिवासी आहेत. तळाशी पडलेल्या लाकडांच्या फटींत अष्टपाद राहतात. माकूल वर्गातील कटलफिश येथे रंग बदलत फिरताना दिसतात. स्पंजांवर नुडिब्रँक हे शंख नसलेले रंगीत गोगलगायवर्गीय प्राणी चरत असतात. म्हणजेच एका खांबाभोवती उत्पादक, गाळण करून जगणारे, चरणारे आणि शिकारी अशी अन्नसाखळीची सर्व पातळी एकत्र पाहावयास मिळते.

धक्क्याखालील पाणबुडी : शास्त्र आणि शिस्त

झाक-इव्ह कुस्तो आणि एमिल गान्यां यांनी १९४३ मध्ये विकसित केलेल्या उपकरणामुळे पाणबुड्यास भोवतालच्या दाबाइतक्या दाबाची हवा मागणीनुसार मिळू लागली. त्यामुळे जमिनीवरून नळीने हवा घेण्याची गरज उरली नाही आणि सामान्य माणसाला पाण्याखाली मोकळेपणाने वावरता येऊ लागले. हौशी पाणबुडीच्या प्रसारात जुन्या धक्क्यांचा मोठा वाटा आहे. इंग्लंडच्या डॉर्सेट परगण्यातील स्वॉनेज येथील धक्का याचे उत्तम उदाहरण होय. खोली कमी, उतरण्यास पायऱ्या, आणि खांबांच्या रांगा दिशा दाखवणाऱ्या, अशा या जागी अनेक दशके नवशिके पाणबुडे शिकत आले आहेत.

मात्र कमी खोली म्हणजे कमी धोका, हा समज चुकीचा आहे. समुद्राच्या पाण्यात दर १० मीटर खोलीला सुमारे एक वातावरण एवढा दाब वाढतो. पृष्ठभागावर १ वातावरण दाब असतो, तर ८ मीटरवर तो सुमारे १.८ वातावरण होतो. बॉइलच्या नियमानुसार दाब कमी झाला की वायूचे आकारमान त्या प्रमाणात वाढते. ८ मीटरवर फुप्फुसे भरून घेतलेली हवा श्वास रोखून वर आणली, तर ती जवळपास १.८ पट होऊ पाहते आणि फुप्फुसाला इजा होऊन हवेचे बुडबुडे रक्तात शिरू शकतात. ३० मीटरवरून २० मीटरवर येताना दाब ४ वातावरणांवरून ३ वर येतो, म्हणजे आकारमान एक तृतीयांशाने वाढते. १० मीटरवरून पृष्ठभागावर येताना मात्र ते दुप्पट होते. याचाच अर्थ, आकारमानातील सर्वांत मोठा बदल पृष्ठभागाजवळच्या थरात होतो. अगदी दीड-दोन मीटर खोलीवरूनही श्वास रोखून वर आल्यास इजा होऊ शकते. म्हणून पाण्याखाली श्वास कधीही रोखू नये, हा या क्षेत्रातील पहिला नियम आहे.

धक्क्याखाली याशिवाय काही विशेष धोके असतात. डोक्यावर फळ्या आणि तुळया असतात. गळाची तुटलेली दोरी खांबांत अडकलेली असते, ती पाण्यात सहसा दिसत नाही आणि पाणबुड्याला गुंतवू शकते. त्यासाठी सुरी किंवा कात्री जवळ बाळगावी लागते. लाट आली की पाणबुडा खांबावर ढकलला जातो आणि बार्नॅकलच्या धारदार कवचांनी जखम होते. वरून होड्यांची वाहतूक सुरू असू शकते.

पाणबुड्यामुळे जीवसृष्टीलाही धोका संभवतो. तरंगशक्तीवर ताबा नसलेला शिकाऊ पाणबुडा पायातील पंखांनी तळ ढवळतो. उडालेला गाळ गाळण करणाऱ्या प्राण्यांवर बसतो. तोल सावरण्यासाठी खांबाला धरलेला हात अनेक वर्षे वाढलेला स्पंज क्षणात उखडतो. रंगांच्या बाबतीतही एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. पाणी प्रथम तांबड्या रंगाचा प्रकाश शोषून घेते. त्यामुळे काही मीटर खोलीवर तांबडा स्पंज करडा दिसतो आणि विजेरीचा प्रकाश टाकताच त्याचा खरा रंग प्रकट होतो. सोबत विजेरी नसलेला पाणबुडा ज्याला कळकट खांब समजून धरतो, तो प्रत्यक्षात जिवंत प्राण्यांनी भरलेला असू शकतो.

जतनाचा पेच

जुन्या धक्क्यांच्या बाबतीत सर्वांत कठीण प्रश्न दुरुस्तीचा आहे. ज्या समुद्राने खांबांवर जीवसृष्टी वसवली, तोच खांब पोखरतही असतो. टेरेडो हा अळीसारखा दिसणारा शिंपलावर्गीय प्राणी आपल्या छोट्या कवचाने लाकडात बोगदे करतो. बाहेरून शाबूत दिसणारा खांब आतून पोकळ झालेला असतो. खांब तसाच ठेवला तर वरचा रस्ता कोसळू शकतो. बदलला तर त्यावरील अनेक दशकांची वसाहत नष्ट होते. नव्या खांबावर अनुक्रमण पुन्हा पहिल्या पायरीपासून सुरू होते.

या पेचाला वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळी उत्तरे शोधली गेली आहेत. बसलटन येथे जागेवरच दुरुस्ती करून जेटी वापरात ठेवली गेली. स्वॉनेज येथे १८६० च्या सुमाराचा जुना धक्का केवळ खांबांच्या ओळींच्या रूपाने उरला आहे, तर १८९७ मधील दुसरा धक्का दुरुस्त करून १९९८ मध्ये पुन्हा खुला करण्यात आला. दक्षिण ऑस्ट्रेलियातील रॅपिड बे येथील जुनी जेटी पानांसारखे अवयव असलेल्या 'लीफी सी-ड्रॅगन' या माशामुळे पाणबुड्यांत प्रसिद्ध आहे. ती धोकादायक झाल्यावर शेजारी नवी, आखूड जेटी २००९ मध्ये बांधण्यात आली आणि जुनी जेटी समुद्रात तशीच उभी ठेवण्यात आली. तेथे माणसाच्या सोयीची आणि जलचरांच्या निवाऱ्याची रचना वेगळी करण्यात आली, हे या उदाहरणाचे वैशिष्ट्य आहे.

तथापि मानवनिर्मित रचना म्हणजे निसर्गाला दिलेली देणगीच, असे सरसकट म्हणता येत नाही. अशा रचना माशांची संख्या खरोखर वाढवतात की आसपासचे मासे केवळ एका जागी गोळा करतात, हा वाद मत्स्यशास्त्रात दीर्घकाळ सुरू आहे. मासे केवळ गोळा होत असतील आणि तेथे मासेमारी मुक्त असेल, तर ती रचना माशांना सापळाच ठरते. शिवाय जहाजांच्या तळाला चिकटून आलेल्या परक्या प्रजातींना धक्क्याचे खांब पहिला मुक्काम देतात. म्हणून धक्क्याचे मूल्य त्याच्या भोवतालच्या नियमनावर अवलंबून असते. जिओग्राफ उपसागराचा समावेश असलेले 'नगारी केप्स सागरी उद्यान' २०१२ मध्ये घोषित झाले, ते या दृष्टीने महत्त्वाचे आहे.

हवामानाचा प्रश्नही यापासून वेगळा नाही. २०११ च्या आरंभी पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर तीव्र सागरी उष्णतेची लाट आली. लूविन प्रवाह त्या काळात असाधारण जोरदार होता. या लाटेमुळे बसलटनच्या उत्तरेकडील किनाऱ्यावर केल्प या मोठ्या समुद्रशैवालाच्या वनांची सीमा सुमारे १०० किलोमीटरने दक्षिणेकडे सरकली. जो प्रवाह जेटीला वैविध्य देतो, तोच मर्यादेबाहेर तापल्यास मूळ जीवांना हुसकावतो. जेटीच्या खांबांवरील नोंदी वर्षानुवर्षे ठेवल्यास असा बदल वेळीच लक्षात येऊ शकतो.

महाराष्ट्राच्या संदर्भात

महाराष्ट्रात स्कूबा डायव्हिंग प्रामुख्याने सिंधुदुर्ग जिल्ह्यातील मालवण-तारकर्ली परिसरात चालते. मालवण सागरी अभयारण्य १९८७ मध्ये घोषित झाले आहे. 'गुलदार' ही निवृत्त युद्धनौका निवती परिसरात पाण्याखाली ठेवून कृत्रिम भित्ती व संग्रहालय निर्माण करण्याचा प्रकल्प शासनाने हाती घेतला आणि २०२५ मध्ये नौदलाने ही नौका त्यासाठी सुपूर्द केली. मानवनिर्मित रचनेवर सागरी जीवन वसते, हे तत्त्व यातून आपल्याकडेही स्वीकारले गेले आहे. मात्र वर मांडलेले दोन्ही प्रश्न, म्हणजे मासे वाढतील की केवळ गोळा होतील आणि नियमन कसे राहील, येथेही लागू पडतात.

सुरक्षिततेचा प्रश्न तितकाच गंभीर आहे. मे २०२२ मध्ये तारकर्लीजवळ स्कूबासाठी गेलेल्या पर्यटकांची बोट उलटून दोघांचा मृत्यू झाला. पाणबुडीचा अनुभव हा प्रत्यक्ष पाण्याखाली जाण्यापुरता मर्यादित नसतो. बोट, जीवरक्षक जॅकेट, हवामान आणि प्रशिक्षित मार्गदर्शक हे सर्व त्याचेच भाग आहेत, हे या घटनेने दाखवून दिले.

कोकणातील अनेक बंदरांना धक्का आहे आणि यांपैकी अनेक धक्क्यांची वेळोवेळी दुरुस्ती किंवा नवबांधणी होते. कामाचा विचार करताना खांबांवरील जीवसृष्टीची नोंद आधी घेतली गेली, तर जुने खांब टप्प्याटप्प्याने बदलणे, किंवा शक्य तेथे काही जुने खांब तसेच ठेवणे, असे पर्याय विचारात घेता येतील. या कामात महाविद्यालयांचा सहभाग उपयुक्त ठरू शकतो. त्यासाठी पाण्यात उतरण्याचीही गरज नाही. ठरावीक आकाराच्या पट्ट्या दोरीने धक्क्यावरून निरनिराळ्या खोलीवर सोडणे, दरमहा त्या वर काढून छायाचित्र घेणे, आणि कोणते जीव कधी व किती प्रमाणात बसले याची नोंद ठेवणे, ही जगभर वापरली जाणारी सोपी पद्धत आहे. पावसाळ्यात खाड्यांचे गोडे पाणी व गाळ आल्यावर कोकणातील खांबांवर काय बदल होतो, हा एकच प्रश्न घेऊनही प्राणिशास्त्र, वनस्पतिशास्त्र, भूगोल आणि संख्याशास्त्र या विभागांना एकत्र काम करता येईल. सागरी मंडळाची परवानगी आणि स्थानिक मच्छीमारांचे सहकार्य ही त्याची पूर्वअट राहील. धक्क्याखाली कोणते मासे कोणत्या महिन्यात येतात, याचे ज्ञान त्यांच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे.

समारोप

बसलटनची जेटी लाकूड वाहून नेण्यासाठी बांधली गेली; जहाजे थांबल्यावर ती मोडीत निघाली असती. ती टिकली ती लोकांनी तिला टिकवायचे ठरवले म्हणून, आणि टिकल्यावर तिच्याखालची सृष्टी साऱ्यांना दिसू शकली. आधार, सावली आणि प्रवाह या तीन गोष्टी एकत्र आल्या की उजाड वाळूतही समृद्ध वसाहत उभी राहते, हे तिचे शास्त्रीय महत्त्व होय. ही वसाहत उभी राहण्यास अनेक दशके लागतात आणि ती एका पावसाळ्यापूर्वीच्या दुरुस्तीत नाहीशी होऊ शकते, ही तिची दुसरी बाजू आहे. म्हणून कोणत्याही जुन्या धक्क्याचे भवितव्य ठरवताना त्याच्या वरच्या भागाची पाहणी पुरेशी नाही. खाली काय आहे हे पाहिल्याशिवाय तो निर्णय अपुरा राहील.